न्यायालय फक्त पुणे

निपाणीत जुन्या पी. बी. रोडला आम्ही पुण्याच्या एका कंपनीची चहाची फ्रँचायझी घेतली होती. अनामत दीड लाख. पावडर, कप सगळं कंपनीकडूनच, त्यांच्या भावाने. पहिलं वर्ष बरं गेलं. मग पावडरीचा भाव चढत गेला आणि कटिंगमागे हातात काही उरेना. त्यात कर्नाटकात दुकानाच्या बोर्डावर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. बोर्ड कंपनीच्या डिझाइनचा, बदलायला त्यांची लेखी परवानगी लागे, ती येईना. खर्च मात्र आमचाच, कारण 'स्थानिक नियमांचे पालन फ्रँचायझीधारकाने स्वखर्चाने करावे' असं करारात होतं. इकडे सरकार, तिकडे कंपनी. सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही म्हणा.

करार सोडतो, अनामत परत द्या, असं कळवलं. उत्तर आलं: अनामत जप्त, आणि पाच किलोमीटरच्या आत तीन वर्षं चहा विकायचा नाही.

कागद घेऊन बेळगावला वकिलांकडे गेलो. त्यांनी करार शेवटच्या पानापासून वाचायला घेतला.

"चहा खुशाल विका," ते म्हणाले. 1872च्या करार कायद्याचं कलम 27. करार चालू असताना असं बंधन घालता येतं, 1995 साली कोका-कोलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेच ते मान्य केलं. पण करार संपल्यावर धंदाच करू नको म्हणणं सहसा टिकत नाही. अनामतीला कलम 74. नुकसानीच्या मानाने वाजवी भरपाई मागता येते, सरसकट सगळी रक्कम गिळता येत नाही. लवाद कंपनी एकटी नेमणार, हे कलमही 2019च्या निकालानंतर लंगडं.

मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांचं बोट खाली एका ओळीवर थांबलं: न्यायालय फक्त पुणे. "सही पुण्यात, पैसे पुण्यात भरले. हे टिकणार."

म्हणजे हक्क सगळे आहेत, पण ते मागायला पुण्याला खेपा घालायच्या, दुकान बंद ठेवून. दीड लाखासाठी कोण घालणार? कंपनीला ते पक्कं ठाऊक असतं.

यावर राज्याचा काही कायदा नाही का, मी विचारलं. नाही, आणि केंद्राचाही फ्रँचायझीसाठी वेगळा नाही. करार हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्याने मनावर घेतलं तर करता येईल. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रँचायझी तिथली असेल तर वाद राज्याबाहेरच्या कोर्टात न्यायचं कलमच रद्द ठरतं. कन्नड बोर्डासाठी बेंगळुरूत कायदा होतो, तर बोर्डाखाली गल्ल्यावर बसणाऱ्यासाठीही व्हायला हरकत नसावी.

"गल्ल्यावर कोण बसतं?" वकिलांनी विचारलं. मी, आणि चहा आमची मंडळी करते. पोरगा एकच, कप धुवायला. ते जरा सावरून बसले. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला 2019च्या ग्राहक कायद्यात ग्राहक मानायला वाव आहे, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. तुम्ही व्यापारी, ग्राहक नव्हे, असा वाद कंपनी पहिल्याच तारखेला घालणार, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

तक्रार बेळगावच्या आयोगात दाखल केली आहे. दुकान चालू आहे, आमच्याच नावाने. निपाणी-संकेश्वरकडे कोणी असा करार करत असेल, तर कप-पावडरीच्या भावाआधी न्यायालयाच्या ओळीवर बोला. तिथे 'बेळगाव' लिहून घेता आलं, तरच अनामत भरा.