कान तिचे, वही माझी

टायटलरच्या पर्णवटवट्याची नोंद करताना सगळा घोळ पंखावरच्या एका रेघेचा. त्याला ती नसते. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या ग्रीनिश वॉर्बलरला असते, पण बारीक, फिकट. आणि ऑक्टोबरात आपल्याकडे उतरलेल्या प्रौढ पक्ष्याची कधी कधी झिजून पार गेलेली असते. म्हणजे रेघ दिसली तर टायटलर बाद. नाही दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. उरली चोच. टायटलरची लांब, निमुळती, खालूनही बहुतेक काळपट. ग्रीनिशची खालून पिवळसर. आता दहा ग्रॅमही न भरणारा, क्षणभर एका जागी न टिकणारा जीव अंजनीच्या शेंड्यात, वर पांढरं आभाळ, आणि खाली मान मोडून तुम्ही. अशा वेळी जाणता माणूस दुर्बीण खाली घेतो आणि कान लावतो.

महाबळेश्वरला गेल्या हंगामात मी कान लावले. दुर्बिणीत चोच उघडमीट होताना स्वच्छ दिसत होती. ऐकू काही येईना. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, आणि वटवट्ये नेमके तिथेच बोलतात.

"काका, बोलतोय की!" शेजारी उभी असलेली माझी विद्यार्थिनी म्हणाली. "ग्रीनिश नाही हा. ओढून बोलतोय."

माझा एक हट्ट आहे. पक्षी समोर असतानाच लिहायचं, पुस्तक उघडायच्या आधी, आणि स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच. मग आवाजाच्या ओळीत काय लिहू? 'ओढून' हा तिचा शब्द. मी ऐकलं असतं तर तो सूर कुठे चढतो, कुठे तुटतो, तेही लिहिलं असतं. आवाज उतरवावा तर मीच, असा माझा तोरा होता. त्यामुळे तिचा तो एकच शब्द खरा असूनही मला खुपला.

गिल्बर्ट व्हाइट या निसर्गनिरीक्षकाने 1768 साली इंग्लंडातले तीन सारखे दिसणारे वटवट्ये आवाजावरून वेगळे काढले. पुढे त्यालाही बहिरेपणाचे झटके येत, आणि त्याची तक्रार त्याने पत्रातून केली आहे. त्याच्या हाताशी अशी मुलगी असती तर तिने सांगितलेलं त्याने कुणाच्या नावावर लिहिलं असतं, याचा मी बराच विचार करतो.

हल्लीचे बरेच जण काहीच लिहीत नाहीत. धडाधड शंभर फोटो काढायचे, घरी जाऊन पक्षी ओळखायचा. काहींना तेवढाही धीर नसतो. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला फांदीवर खेचून आणतात. काश्मीरकडून निलगिरीला निघालेला पक्षी दोन घटका खायला थांबतो, आणि त्याला नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला लावायचं! मला याचा संताप येतो. पण कबूल करतो, खालची चोच काळपट आहे हे शेवटी तिच्या कॅमेऱ्यानेच दाखवलं. माझ्या वहीत त्या जागी प्रश्नचिन्ह होतं.

आवाजाच्या ओळीत मी 'ओढून' लिहिलं आणि पुढे कंसात तिची आद्याक्षरं घातली. तिने फोटो आणि मोबाईलवरचं ध्वनिमुद्रण ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवलं. निरीक्षकांत तिचं नाव आधी आहे, माझं नंतर. तसंच असायला हवं, हे मला पटतं; तरी ती यादी मी अधूनमधून उघडून बघतो.