नळीची लांबी

दरवर्षी २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनाच्या निमित्ताने, कुंभकोणमचे नाव विज्ञानाच्या बातम्यांत येते. श्रीनिवास रामानुजन यांचे सारंगपाणी मंदिराजवळचे ठेंगणे घर, टाउन हायस्कूल, शासकीय महाविद्यालय ही छायाचित्रे ठरलेली असतात. कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांमध्ये वसलेल्या, एकेकाळी तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात असलेल्या या गावात हिशेबाची आणखी एक जागा आहे. तिचे छायाचित्र कुणी काढत नाही. पत्र्याच्या एका शेडमध्ये साठी ओलांडलेला एक मेकॅनिक जुन्या यामाहा मोटारसायकलींची इंजिने उघडून बसलेला असतो. गिऱ्हाईक त्याला ‘अण्णे’ म्हणते. गाडी जोरात पळवायची आहे असे सांगणाऱ्या प्रत्येक मुलाला तो एकच प्रश्न विचारतो : “ट्रॅका, रोडा?” तमिळमध्ये शब्दाच्या शेवटी ‘आ’ जोडला की प्रश्न तयार होतो. गाडी शर्यतीच्या धावपट्टीसाठी हवी की रस्त्यासाठी, एवढेच त्याला विचारायचे असते. उत्तर मिळेपर्यंत तो पान्याला हात लावत नाही.

त्याच्या या अटीत पदार्थविज्ञानाचा एक अख्खा धडा आहे.

जपानी स्पोर्ट्स कार घेऊन तिचे इंजिन, सस्पेन्शन, सायलेन्सर बदलत बसण्याचा नाद जगभर आहे. टोयोटाची एई ८६, निसानची स्कायलाइन जीटी-आर, माझदाची आरएक्स-७ ही त्या पंथाची दैवते. जुन्या गाड्यांच्या आयातीवरील निर्बंधांमुळे ती भारतात जवळजवळ पोचलीच नाहीत. इथे जपान आला तो १९८३च्या मारुती ८००मधून आणि १९८५च्या यामाहा आरएक्स १००मधून. हाती जे आले त्यावरच इथल्या हौसेने हात साफ केला. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८००चे तीन सिलिंडरांचे सुझुकी इंजिन एका आसनाच्या शर्यती गाडीत बसवले आणि ‘फॉर्म्युला मारुती’ उभी केली. ज्यांच्या खिशाला चार चाके परवडत नव्हती, त्यांनी आरएक्स १०० उघडली. (आरएक्स-७ आणि आरएक्स १०० यांच्या नावांतील साम्य निव्वळ योगायोगाचे.)

आरएक्स १००च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धावही ५० मिलिमीटर. गुणाकार केला की ९८ घन सेंटिमीटर येतात. मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर त्यातून ११ अश्वशक्ती निघते, म्हणजे लिटरमागे शंभराहून अधिक. त्याच काळातील मारुतीचे इंजिन लिटरमागे पन्नाशीच्या आसपास होते. हा फरक मुख्यतः टू-स्ट्रोकचा. प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो आणि झडपांचा पसारा नाही. सिलिंडरच्या भिंतीत भोके असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. दट्ट्या वरखाली होताना तीच दारे उघडतो आणि बंद करतो.

या रचनेत एक मूलभूत खोट आहे. जळलेला वायू बाहेर जाण्याचे दार आणि ताजे मिश्रण आत येण्याचे दार ही दोन्ही काही काळ एकाच वेळी उघडी असतात. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. त्याला परत आत कसे ढकलायचे? तिथे यंत्राचा एकही हलता भाग नाही. आहे ती फक्त नळी. म्हणून हे काम नळीतल्या आवाजाकडून करून घ्यावे लागते.

एक्झॉस्टचे दार उघडताच दाबाचा एक तरंग नळीत धावतो. नळी जिथे शंकूसारखी रुंदावत जाते तिथून विरलनाचा तरंग उलट फिरतो आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. त्याबरोबर थोडे ताजे मिश्रणही नळीत येते. पुढे नळी पुन्हा अरुंद होते. त्या उलट्या शंकूवरून आता संपीडनाचा तरंग परततो आणि बाहेर सांडलेले मिश्रण दार मिटण्याच्या क्षणभर आधी आत लोटतो. सारे वेळेवर झाले तर इंजिन आपल्या आकारमानाहून मोठा घास घेते.

वेळेचा हिशेब शाळेच्या गणिताने होतो. ७,५०० फेऱ्यांना एक फेरी ८ मिलिसेकंदांची. दार साधारण १७० अंश उघडे राहते असे धरले तर त्याला पावणेचार मिलिसेकंद मिळतात. परतणारा तरंग साडेतीन मिलिसेकंदांनी दाराशी यायला हवा. तप्त धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर. म्हणजे जाऊन-येऊन पावणेदोन मीटर, एका बाजूने ८८ सेंटिमीटर. शर्यतीसाठी शक्तीचा कळस १०,००० फेऱ्यांवर न्यायचा असेल, तर बाकी सारे तसेच ठेवून हीच लांबी ६६ सेंटिमीटर करावी लागते. आणि ही आखूड नळी गावात चालवली तर? ४,००० फेऱ्यांवर दार सात मिलिसेकंद उघडे असते आणि तरंग मात्र तीन मिलिसेकंदांच्या आतच परत येऊन उभा राहतो. ज्या धक्क्याने मिश्रण आत लोटायचे, तोच आता आत येऊ पाहणाऱ्या मिश्रणाची वाट अडवतो. महामहम तलावाच्या कडेने, गाई, रिक्षा आणि फुलवाल्यांमधून वाट काढताना अशी गाडी दम कोंडल्यासारखी अडखळते आणि मोकळा रस्ता दिसताच अचानक उसळते. गल्लीत ती उसळीच अपघाताला आमंत्रण देते.

ही विद्या जपानकडे ज्या मार्गाने गेली, ती कथा एखाद्या हेरकादंबरीत शोभावी अशी आहे. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने नळीतल्या तरंगांचा सर्वांत नेटका उपयोग करून घेतला. १९६१पर्यंत त्याने १२५ घन सेंटिमीटरमधून २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २०० काढल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचा आघाडीचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेला निसटला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२च्या ५० सीसी जागतिक अजिंक्यपदावर डेग्नर आणि सुझुकी यांचे नाव लागले. काडेनच्या वाट्याला काय आले, याचा विचार त्या विजयाच्या वर्णनांत सहसा नसतो. नळीचे गुपित मात्र आता कुणाच्या मालकीचे राहिले नाही. काही वर्षांतच जपानी टू-स्ट्रोक जगभर गाजू लागल्या.

कुंभकोणमच्या परिसराला हे गुपित वेगळ्या रूपात आधीच ठाऊक होते. मयिलाडुतुरैच्या दिशेने थोडे गेले की नरसिंगमपेट्टै हे गाव लागते. तिथे नागस्वरम घडते आणि २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आच्चा नावाच्या झाडाचे, म्हणजे आपल्या अंजनाचे, जुने मुरलेले लाकूड कातून त्याची शंकूसारखी रुंदावत जाणारी नळी करतात. पुष्कळदा पाडलेल्या घरांच्या तुळयांतून ते मिळवतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चलतीत होते ते आखूड, उंच स्वराचे तिमिरी नागस्वरम. त्यात शुद्ध मध्यम जागेवर बोलत नसे. शेजारच्या तिरुवावडुतुरैचे थोर वादक टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांच्या आग्रहावरून नरसिंगमपेट्टैचे रंगनाथन आचारी यांनी नळी लांब केली, भोकांच्या जागा पुन्हा शोधल्या आणि पारी नागस्वरम जन्माला आले. ते अडीच-तीन फूट लांब असते. स्वर खाली आला, मध्यम शुद्ध लागला. जत्रेतला कर्कशपणा थोडा हरवला, आणि मैफलीत वाजेल असे वाद्य हाती आले. ट्रॅका, रोडा?

यामाहाच्या टाकीवर तीन नादकाटे एकमेकांत गुंतलेले दिसतात, ते उगाच नव्हे. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली एक रीड ऑर्गन दुरुस्त केला, तिथून त्या घराण्याची सुरुवात झाली. मोटारसायकली फार पुढे, १९५५मध्ये आल्या. आरएक्स १००मध्ये हवा आत घेणारी झडपही रीडच आहे. ती एक पातळ पट्टी आहे, आत वाकते, बाहेर वाकत नाही. १८८७ हे रामानुजनांच्या जन्माचेही वर्ष आहे, पण योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह टाळलेला बरा.

अण्णेच्या शेडमध्ये टॅकोमीटर नाही. इंजिन सेकंदाला किती फेऱ्या मारते, तितकीच त्याच्या आवाजाची मूळ वारंवारता. ७,५०० फेऱ्यांना १२५ हर्ट्झ. ८,३०० च्या जवळ गेले की काळी एकचा षड्ज लागतो, हे कुणाही गायकाला पेटीशी ताडून पाहता येईल. अण्णेने ते कधी ताडलेले नाही. तो कान नळीकडे करतो, थ्रॉटल फिरवतो, स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघतो. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडते आहे आणि दट्ट्या वितळण्याचा धोका आहे. मग कार्ब्युरेटरचा जेट बदलतो. फेऱ्या ७,५००वरून ९,००० नेल्या तर दट्ट्यावरचे बल वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे १.४४ पट वाढते. हे सूत्र त्याला माहीत नाही. तुटलेले कनेक्टिंग रॉड मात्र त्याने एका डब्यात जपून ठेवले आहेत, आणि हट्टी गिऱ्हाइकापुढे तो डबा उघडला जातो.

एकाच नळीने सर्व फेऱ्यांवर चांगले बोलावे, ही इच्छा मोठ्यांनाही सुटली नाही. १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणारी माझदा ७८७बी ही ती शर्यत जिंकणारी पहिली जपानी गाडी. तिच्या चार रोटरांच्या इंजिनात हवा घेणाऱ्या नळ्या दुर्बिणीच्या नळकांड्यांसारख्या लांब-आखूड होत. फेऱ्या कमी असताना लांब, वाढल्या की आखूड. पैसा आणि अभियंत्यांची फौज असली की नळी हलवता येते. शेडमध्ये ती एकदाच कापली जाते.

आणि कापल्यावर कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी स्पष्ट केले की, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली. रस्त्यापुरता हा नियम योग्यच म्हटला पाहिजे. रात्री अकराला रुग्णालयासमोरून मोकळ्या नळीची गाडी नेणाऱ्याला विज्ञानाची ढाल देण्याचे कारण नाही. टू-स्ट्रोकचे न जळलेले पेट्रोल कुणाच्या तरी फुप्फुसात जाते, हेही खरे. आरएक्स १००चे उत्पादन १९९६मध्ये थांबले आणि प्रदूषणाचे निकष कडक होत गेले तशी ही जातच मागे पडली. प्रश्न उरतो तो अण्णेसारख्यांच्या हातातील विद्येचा. ती कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, वहीतही नाही. आता जी इंजिने येतात त्यांचे निर्णय संगणक घेतो, आणि वीजगाडीला तर नळीच नाही.

एक वाट अजून उघडी आहे. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर दरवर्षी ‘फॉर्म्युला भारत’ भरते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेली गाडी तिथे आणतात. पेट्रोलच्या गाड्यांना सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या भोकातून ओढण्याचे बंधन असते, त्यामुळे भोकापुढच्या नळ्यांची लांबी आणि पोकळीचे आकारमान यांवर संघांच्या रात्री जातात. सगळा खेळ तरंगांचाच. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला १९९०पासून धावपट्टी आहे. वडिलांची गाडी घेऊन शेडमध्ये येणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

अशाच एका मुलाने, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या, अण्णेच्या प्रश्नाला दबक्या आवाजात “रोडु” म्हटले. त्याला हवी होती ती शर्यतीची आखूड नळी, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. अण्णेने खिळ्याने पत्र्यावर रेघ ओढली. मुलाने मोबाइलवर गुणाकार केला, टेप लावली आणि ही दोन बोटे लांब आहे म्हणाला. अण्णेने टेपकडे पाहिले नाही. “कॉलेजला जाताना बाजारातून जातोस ना?” एवढे विचारून त्याने त्याच रेघेवर कातरी चालवली.