सासूबाईंची हुंडी

आमच्या घरी गुंतवणुकीचा विषय निघाला की सासूबाई उठतात आणि कपाटातून एक पिवळी पडलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतात. त्या पिशवीत एका पतसंस्थेच्या चार पावत्या आहेत, एकूण साठ हजार रुपयांच्या. शिकवण्या करून आणि दिवाळीत चकल्या-अनारशांच्या ऑर्डरी घेऊन त्यांनी अकरा वर्षांत साठवलेले ते पैसे. पतसंस्था बुडाली तेव्हा माझे लग्न व्हायचे होते. पुढे तुकड्यातुकड्याने नऊ हजार हाती आले, बाकीचे गेले ते गेलेच. पावत्या मात्र त्यांनी टाकल्या नाहीत. पिशवी टेबलावर आली की समोरचा माणूस आपोआप गप्प होतो.

२०२४ च्या जूनमध्ये त्या पिशवीसमोर बसण्याची पाळी माझ्यावर आली.

झाले होते असे, की सासूबाईंचे इंदूरचे माहेरचे जुने घर विकले गेले आणि पाच भावंडांच्या वाटणीत त्यांच्या वाट्याला तीन लाख रुपये आले. त्याच सुमारास डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आता टाळू नका असे बजावले. "गणपती, नवरात्र, दिवाळी होऊ दे, मग काय ते कापा," असे सांगून सासूबाईंनी नोव्हेंबरची तारीख घेतली. म्हणजे पैसे हातात होते, ते लागणार कधी हेही ठाऊक होते. प्रश्न फक्त मधल्या तीन-चार महिन्यांचा होता.

एवढ्याशा प्रश्नावर घरात दोन तट पडले. धाकट्या दिरांचे म्हणणे, शेअर बाजार रोज चढतो आहे, पैसे म्युच्युअल फंडात टाका. माझ्या पतींचे म्हणणे, नेहमीच्या सहकारी बँकेत मुदत ठेव करा. पण त्या बँकेत सासूबाईंच्या चार लाखांच्या ठेवी आधीच होत्या. बँकेतील ठेवींना विमा असतो हे आपल्याला ठाऊक असते, पण त्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाख रुपये आहे. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत तर ती एकच लाख होती. पतसंस्थांतील ठेवींना हा विमा मुळीच नसतो, हे सासूबाईंना साठ हजार गेल्यावर कळले होते.

मी या साप्ताहिकात बचतीवर लेख लिहिते. सरकारच्या ट्रेझरी बिलांवर मी दोनदा लिहिले होते आणि दोन्ही वेळा 'अत्यंत सुरक्षित' हे शब्द वापरले होते. स्वतः मात्र एक रुपयाचेही बिल कधी घेतले नव्हते. तेच शब्द आता त्या पिशवीसमोर उच्चारताना घशात अडकले.

"आई, सरकारलाच तीन महिन्यांसाठी उसने देऊ या का?" मी कसेबसे म्हटले.

"सरकारला माझ्या पैशांची काय गरज?" त्यांनी विचारले.

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना आपल्याच घराचे उदाहरण दिले. पगार एक तारखेला होतो, पण दूधवाला, शाळेची फी, गॅस यांना एक तारीख ठाऊक नसते. सरकारचेही तसेच आहे. आगाऊ कर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च महिन्यांच्या पंधरा तारखेच्या आसपास मोठ्या प्रमाणात जमा होतो. नोकरांचे पगार आणि निवृत्तिवेतन मात्र दर महिन्याला द्यावेच लागते. ही मधली ओढाताण भागवण्यासाठी केंद्र सरकार थोड्या मुदतीचे कर्ज उभारते, त्याची बिले ती ही. भारतात ती १९१७ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, प्रथम निघाली. राज्य सरकारे अशी बिले काढत नाहीत, हेही मी सांगून टाकले, कारण सासूबाईंचा राज्य सरकारांवर विशेष राग आहे.

"व्याज किती?"

"व्याज नाही. शंभराचं बिल आज अठ्ठ्याण्णव रुपये आणि वर काही पैशांना मिळतं. तीन महिन्यांनी सरकार पुरते शंभर देतं. मधला फरक आपला."

मला वाटले, आता हे समजावण्यात संध्याकाळ जाणार. पण सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. "अगं, म्हणजे मुदती हुंडीच की! वटणावळ आधीच कापून घ्यायची!"

त्यांचे वडील इंदूरच्या कापड बाजारात एका पेढीवर मुनीम होते. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे, मुदती हुंडी म्हणजे ठरलेल्या दिवशी पैसे, आणि मुदतीआधी कोणी वटवायला आणली तर उरलेल्या दिवसांची वटणावळ कापून रक्कम हातात द्यायची. हे सगळे त्यांनी लहानपणी पेढीच्या गादीवर बसून ऐकले होते. मी डिप्लोमाच्या वर्षात पाठ केलेली व्याख्या त्यांना उपजत ठाऊक होती. त्यांनी एवढेच विचारले, "हुंडीवर सही कोणाची?"

"भारत सरकारची."

त्यांनी पिशवी उचलली आणि कपाटात ठेवली. हो म्हणाल्या नाहीत, पण मी तो होकार समजले.

आता पुढचा भाग लाजिरवाणा आहे. पूर्वी सामान्य माणसाला ही बिले सहजासहजी घेता येत नसत. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड यांचा तो बाजार. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये 'रिटेल डायरेक्ट' योजना सुरू केल्यापासून कोणीही थेट तिच्याकडे खाते उघडू शकतो. पॅन, आधार, बचत खाते, मोबाइल क्रमांक आणि ई-मेल एवढे लागते. खाते उघडायला किंवा चालवायला रिझर्व्ह बँक शुल्क घेत नाही. मी तसे लेखात लिहिलेही होते, 'अगदी सोपे' असे. पण सासूबाईंच्या आधारवर माहेरचे नाव आणि पॅनवर सासरचे. ते जुळवून घेण्यात तीन आठवडे गेले. ई-मेल तर त्यांना नव्हताच. तो उघडून दिल्यावर त्यांनी पहिले पत्र इंदूरच्या भावाला पाठवले आणि उत्तराची वाट पाहत दोन दिवस फोन हातातून सोडला नाही.

लिलाव दर बुधवारी होतो. ९१, १८२ आणि ३६४ दिवस अशी तीन मुदतींची बिले त्यात असतात. पण बुधवारी सुटी आली तर लिलावाचा दिवस बदलतो. त्या वर्षी १७ जुलैच्या बुधवारी आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले होते. मी आपली बुधवार धरून बसले आणि तो आठवडा हुकला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, साबुदाण्याची खिचडी पुढे केली. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

शेवटी पुढच्या आठवड्यात, २४ जुलैच्या लिलावासाठी, आम्ही तीन लाखांच्या बिलांची मागणी नोंदवली. कमीत कमी दहा हजारांचे बिल घ्यावे लागते आणि पुढे दहा हजारांच्या पटीत. भाव सांगण्याची जबाबदारी आपल्यावर नसते, ही या योजनेतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात बोली व्यापारी लावतात, आपण पिशवी घेऊन मध्ये शिरलो तर कोणी विचारणार नाही. इथे मोठ्या बँका बोली लावतात, त्यांच्या बोलींतून जो सरासरी भाव निघतो त्याच भावाने छोट्या माणसाला बिल मिळते. आम्हाला शंभराचे बिल ९८ रुपये ३६ पैशांच्या आसपास पडले. दहा हजारांच्या एका बिलामागे सुमारे १६४ रुपये, तीस बिलांचे ४,९२०. वार्षिक हिशेबाने साधारण ६.७ टक्के.

हिशेब खरा सांगायचा तर त्या वेळी मोठ्या बँकेत तीन महिन्यांची ठेव केली असती तर ज्येष्ठ नागरिक म्हणून सहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळाले असते. फरक जेमतेम पाचशे रुपयांचा. बचत खात्यावर नुसते पडू दिले असते तर मात्र निम्मेही मिळाले नसते. तेव्हा श्रीमंत होण्यासाठी ट्रेझरी बिल घ्यावे असे मी कोणालाही सांगणार नाही. महागाई वाढली की या मिळकतीतून हाती फारसे उरत नाही, शिवाय ती आपल्या उत्पन्नात धरून कर भरावा लागतो. मुळातून कर कापला जात नाही म्हणून कर नाहीच, असा समज करून घेऊ नका.

गुरुवारी, २५ जुलैला, बिले खात्यात जमा झाली. मी सासूबाईंना फोनवर दाखवले. तिथे एवढेच लिहिलेले होते: '९१ डीटीबी २४१०२०२४'.

"पावती कुठाय?"

"पावती नसते, आई. रिझर्व्ह बँकेच्या वहीत तुमच्या नावावर नोंद असते."

"आणि तुझा फोन हरवला तर?"

फोन हरवला तरी नोंद हरवत नाही, हे मी तीन तऱ्हांनी सांगून पाहिले. त्या मान हलवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून खात्याचा उतारा कागदावर छापून आणला. त्यांनी चष्मा लावून आपले नाव वाचले, आकडा वाचला, आणि मग त्या अंकांचा अर्थ विचारला. २४ ऑक्टोबर २०२४, मुदत संपण्याची तारीख. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पाने उलटली आणि म्हणाल्या, "गुरुवारच आहे." ९१ दिवस म्हणजे बरोबर तेरा आठवडे. १८२ म्हणजे सव्वीस, ३६४ म्हणजे बावन्न. ज्या वारी घेतले त्याच वारी परत. इतकी वर्षे मी हे आकडे लिहीत आले, पण ते असे विचित्र का आहेत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सासूबाईंचा गुरुवारचा उपास असतो. त्यांनी त्या चौकटीत पेन्सिलीने 'हुंडी' असे लिहिले. कागद त्यांनी पिशवीत ठेवला नाही, पोथीत ठेवला.

मधले तीन महिने माझेच अवघड गेले. सेन्सेक्स सप्टेंबरच्या अखेरीस ८५ हजारांच्या वर गेला तेव्हा दिरांचा फोन आला, "वहिनी, आईचे केवढे पैसे झाले असते!" मी काय उत्तर देणार? ऑक्टोबरमध्ये बाजार घसरला तेव्हा मात्र त्यांचा फोन आला नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. दिरांनी स्वतःचे पैसे फंडात ठेवले आहेत आणि दहा वर्षांनी त्यांचेच बरोबर ठरण्याचा संभव आहे. पण त्यांना दहा वर्षे थांबता येते. गुडघ्याला नोव्हेंबरच्या पुढे थांबता येत नव्हते.

एका रात्री मला दुसरीच भीती वाटली. समजा शस्त्रक्रिया अचानक आधी करावी लागली तर? मुदतीआधी बिले विकता येतात, त्यासाठी तिथेच बाजार आहे, पण छोट्या रकमेला गिऱ्हाईक त्या घडीला मिळेलच आणि मनासारखा भाव येईलच असे नाही. मी हा विचार आधी करायला हवा होता. पन्नास हजार बचत खात्यात ठेवून अडीच लाखांचीच बिले घ्यायला हवी होती. तुम्ही घेणार असाल तर एवढे लक्षात ठेवा. आणि ही बिले मिळवून देतो म्हणून कोणी कमिशन मागू लागला तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

२४ ऑक्टोबरला मी कार्यालयात होते. दुपारी सासूबाईंचा फोन आला. "तीन लाखांचा मेसेज आलाय. पण मी बँकेत जाऊन आले."

"दुखऱ्या गुडघ्यानं?"

"रिक्षानं. पासबुकात छापून आणलं."

शस्त्रक्रिया नोव्हेंबरमध्ये व्यवस्थित पार पडली. सगळा खर्च होऊन साठ हजार उरले. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी आपण होऊन सांगितले, "त्यांची हुंडी घे." तेव्हापासून दर तेरा आठवड्यांनी आम्ही ती फिरवतो आहोत. परत आलेले पैसे आपोआप नव्या बिलात जावेत अशी सोय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केली, पण सासूबाईंना ती नको आहे. पैसे एकदा पासबुकात दिसल्याशिवाय त्या पुढचे घेऊ देत नाहीत.

मध्यंतरी एक तक्रार झाली. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला आणि बिलांचा दरही साडेपाचच्या खाली उतरला. त्या उन्हाळ्यानंतरच्या फेरीत सासूबाईंना दीडशे-एक रुपये कमी मिळणार होते. त्यांनी ते कागदावर मांडून माझ्यापुढे ठेवले. मी रेपो दर म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हातानेच थांबवले.

"ठाऊक आहे. बाजारात पैसा फार झाला की पेढीवरची वटणावळ उतरायची. बाबा त्या दिवशी घरी लवकर यायचे." मग दिनदर्शिकेकडे पाहत म्हणाल्या, "उद्या बुधवार ना? सुटी नाही ना बघ आधी."