गरम न होणारा ड्रायर

पावसाळ्यात आमच्या घरात दोऱ्यांखालून वाकून चालावं लागतं, म्हणून कपडे वाळवायचं यंत्र घेतलं. परवा ते बिघडलं. म्हणजे कसं, तर दिवा लागतोय, पिंप गरागरा फिरतंय, पण कपडे ओले ते ओलेच. आमच्या बँकेत अशी माणसं पुष्कळ आहेत.

शेजारच्या काकांनी दारातूनच 'कॉइल गेली' असा निकाल दिला. मेकॅनिकने मात्र आधी प्लग काढला, मागचं झाकण उघडलं आणि मीटरची टोकं कॉइलला लावली. कॉइल ठणठणीत! गेला होता तो शेजारचा बोटाच्या पेराएवढा थर्मल फ्यूज. हा आमच्याकडच्या जामीनदारासारखा. कर्ज दुसऱ्याचं, जळायचं ह्याने. कपड्यांच्या तुसाने हवेची वाट बुजली, आत उष्णता कोंडली, की हा स्वतः जळून कॉइलची वीज तोडतो. एकदा जळला की दुरुस्ती नाही, नवाच घालायचा.

"साहेब, डायरेक्ट जोडून देऊ? परत जळायची भानगडच नको."

हिला ही काटकसर तात्काळ पटली. पण तूस तसंच आणि वर जामीनदारही नाही, म्हणजे पुढच्या खेपेला घरच पेटायचं! मी नाही म्हणालो. आमच्या घरात माझं 'नाही' चालल्याची ही पहिलीच नोंद.

मग खिडकीबाहेर जाणारी नळी सोडवली. आतून निघालेल्या तुसात माझ्या निळ्या बनियनचा बराचसा भाग ओळखू आला. हिने ते टाकू दिलं नाही. उशी होईल म्हणे.