शंभर दिवसांचा हंगाम

ग्रँड कॅन्यन पाहावयास निघालेले आपल्याकडील अनेक प्रवासी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या फ्लॅगस्टाफ या गावी एका रात्रीपुरते उतरतात. सकाळी उत्तरेकडील सॅन फ्रान्सिस्को शिखरांचे दर्शन घ्यावे आणि सुमारे १३० किलोमीटरवरील त्या विराट दरीकडे मार्गस्थ व्हावे, असा शिरस्ता आहे. या घाईत गावातील परसबागा पाहावयाच्या राहून जातात. वस्तुतः त्या आवर्जून पाहाव्यात अशा आहेत. येथे टोमॅटोचे एक रोप फळास आणणे हीसुद्धा परीक्षा असते आणि त्या परीक्षेत शेजाऱ्याला उत्तीर्ण करण्यासाठी आपला वेळ विनामूल्य देणारी माणसे या गावात आहेत.

फ्लॅगस्टाफ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर, पाँडेरोसा पाइन वृक्षांच्या अरण्यात वसले आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही हे गाव साडेचारशे मीटर उंच! हिवाळ्यात येथे सरासरी २५० सेंटिमीटर बर्फ पडतो. मोटारीने दोन-सव्वादोन तासांच्या अंतरावर राज्याची राजधानी फिनिक्स आहे. तेथील वाळवंटी उष्म्यात टोमॅटोची लावणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. फ्लॅगस्टाफमध्ये मात्र जूनच्या मध्यापर्यंत रात्री हिमकडा पडू शकतो आणि सप्टेंबर सरता सरता तो पुन्हा दारात उभा राहतो. राज्य एक, परंतु पंचांग दोन! मधल्या सुमारे शंभर दिवसांत पेरणे, वाढविणे आणि पिकविणे हे सारे उरकावे लागते.

त्यातही निसर्गाच्या अटी कठोर आहेत. मे-जून हे महिने कोरडे आणि वाऱ्याचे असतात. उंचीमुळे ऊन प्रखर, हवा विरळ. दिवसा तापलेली जमीन सूर्य मावळताच झपाट्याने निवते. जुलैच्या प्रारंभी दुपारच्या गडगडाटासह पाऊस येतो. तेथील लोकही त्याला ‘मान्सून’च म्हणतात, हे ऐकून मराठी प्रवाशास क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. परंतु त्या सरींबरोबर कधी गाराही येतात आणि मोठी पाने चाळणीसारखी करून जातात.

नव्याने राहावयास आलेले कुटुंब बहुधा पहिल्याच वर्षी फसते. मे महिन्यातील लख्ख दुपार, दुकानात मांडलेली टवटवीत रोपे, मुलांचा उत्साह. रोपे लागतात आणि एका निरभ्र रात्रीनंतर काळी पडून माना टाकतात. पैशांचे नुकसान थोडे असते. हंगामाचे मात्र मोठे. त्या निराशेत कित्येकजण कुदळ कायमची कोपऱ्यात ठेवतात.

अशा वेळी उपयोगी पडतात ते ‘मास्टर गार्डनर’ स्वयंसेवक. या उपक्रमाचा आरंभ १९७२ च्या सुमारास वॉशिंग्टन राज्यात झाला. विद्यापीठांचे शेतीविषयक ज्ञान सामान्य माणसाच्या दारी पोहोचविण्यासाठी अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने विस्तार सेवा उभी राहिली होती. पुढे शहरांतील घरगुती बागांविषयीचे प्रश्न इतके वाढले की, मोजक्या अधिकाऱ्यांना उत्तरे देणे अशक्य झाले. तेव्हा नागरिकांनाच शिकवून त्यांच्याकरवी इतरांना शिकविण्याची युक्ती निघाली. फ्लॅगस्टाफमध्ये हे प्रशिक्षण अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या विस्तार सेवेमार्फत मिळते. माती, पाणी, कीड, छाटणी असे विषय शिकल्यानंतर साधारण ५० तासांची समाजसेवा करून या शिक्षणाची फेड करावयाची असते. जणू हे एक कर्जच. फरक एवढाच की, परतफेड पैशांत नव्हे, तासांत! शिवाय या बिरुदाचा उपयोग स्वतःच्या व्यवसायाच्या जाहिरातीसाठी करता येत नाही. ज्ञान ज्या भावनेने मिळाले, त्याच भावनेने पुढे द्यावे, हा त्यामागील संकेत.

हे स्वयंसेवक करतात काय? बाजाराच्या दिवशी एखादे मेज मांडून बसतात. कोणी पिवळे पडलेले पान आणतो, कोणी डबीत किडा. पहिला प्रश्न असतो, ‘हा किडा खरोखर अपाय करतो का?’ पुष्कळदा तो निरुपद्रवी, किंबहुना बागेचा मित्र निघतो, आणि डबीचे झाकण उघडून त्याला सोडून देता येते. विषारी फवारा हा अगदी शेवटचा उपाय, हे त्यांच्या शिक्षणाचे एक मुख्य सूत्र आहे.

त्यानंतर येतात साध्या, परंतु मोलाच्या गोष्टी. थंड हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट भागात साचते. म्हणून सखल कोपऱ्यात नाजूक रोप लावू नये. दक्षिणेकडे तोंड असलेली दगडी भिंत दिवसाची ऊब रात्री परत देते. तिच्या आश्रयाने लावावे. लवकर पिकणारे वाण निवडावे. रोपांभोवती पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचे कुंपण उभारावे. आकाश निरभ्र दिसले की संध्याकाळीच जुनी चादर पांघरावी. एकाच गावात टेकडीच्या उतारावरील आणि तळातील बागांचे पंचांग वेगळे असू शकते. हा तपशील पुस्तकात सापडत नाही. तो शेजाऱ्यालाच ठाऊक असतो.

येथेच या सेवेचे खरे मोल कळते. व्यापारात एखादा सौदा फसला, तर दुसऱ्या दिवशी दुसरा करता येतो. पर्वतावरील बागेत चुकीची दुरुस्ती पुढच्या वर्षीच. तीस वर्षे बागकाम केलेल्या माणसाच्या गाठीशीही अवघे तीसच हंगाम असतात. एका आयुष्याची ही शिल्लक तोकडी पडते. मात्र वीस जणांनी आपापल्या नोंदी एकत्र केल्या की, नवागताच्या हाती पहिल्याच वर्षी शेकडो हंगामांचे संचित येते.

सप्टेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी घराघरांतून माणसे टोपल्या घेऊन बाहेर पडतात. वेलींवर राहिलेले हिरवे टोमॅटो उतरवून घेतले जातात. ते घरात, कागदात गुंडाळून हळूहळू पिकतील. सकाळी गवतावर पांढरा थर दिसतो. हंगाम संपलेला असतो. तरीही चहाचा पेला बाजूला ठेवून कोणी वृद्ध स्वयंसेवक वही उघडतो आणि त्या दिवसाची तारीख लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी नव्याने येणाऱ्या कुणाच्या तरी ती कामी येणार असते.