छाती नको, पाठ मोजा

पाठीवर सिलिंडर धरून ठेवणारं आणि हवा भरून-सोडून पाण्यात आपल्याला तोलणारं जे जॅकेट असतं, त्याला डायव्हर मंडळी बीसीडी म्हणतात. त्याची स्मॉल, मीडियम, लार्ज ही मापं बहुतेक छाती-कमरेच्या घेरावर ठरतात. मी सहा फूट दोन इंच उंच आणि अंगाने किडकिडीत, त्यामुळे माझं तिथेच अडायचं. मीडियम घेराला बसायचं, पण त्याचा कमरपट्टा बरगड्यांवर यायचा आणि हवा भरली की छाती आवळायची. लार्ज लांबीला पुरायचं, पण पट्टा शेवटपर्यंत ओढला तरी ढिलाच.

अंदमानात स्वराज द्वीपला मी असं भाड्याचं लार्ज घालूनच डाइव्ह करायचो. खाली कुशीवर वळलं की सिलिंडर एका अंगाला कलायचं आणि तोल सावरण्यात हवा खर्च व्हायची. वर आल्यावर त्रास आणखी वाढायचा. जॅकेट फुगून कानांपर्यंत सरकायचं, मी मात्र खालीच. लाटांत तोंड पाण्याबाहेर ठेवायला सारखे पाय मारावे लागायचे. ज्या साधनाने दमलेल्या माणसाला तरंगत ठेवायचं, तेच अंगावर ठरत नसेल तर हा प्रश्न सोयीचा राहत नाही, सुरक्षेचा होतो.

पुण्यातल्या माझ्या प्रशिक्षकांनी एकदा टेप काढला आणि मानेखालच्या उंचवट्यापासून कमरेच्या हाडापर्यंत माझी पाठ मोजली. "छाती सोड, लांबी इथे आहे," म्हणाले, आणि त्यांनी स्वतःची बॅकप्लेट माझ्या हातात दिली. धातूची एक पाटी, मागे हवेची विंग आणि दोन इंच रुंदीचा एकच अखंड पट्टा, बस्स. फ्लोरिडातल्या गुहांमध्ये उतरणाऱ्या डायव्हर्सनी ही पद्धत रुळवली. इथे स्मॉल-लार्जची भानगड नाही. पट्टा आपल्या अंगावर बेतायचा.

तो बेतायला मात्र अख्खी संध्याकाळ लागली. कोरा पट्टा इतका ताठ असतो की प्लेटच्या खाचांतून जाता जात नाही. आम्ही तो बादलीत भिजवला. खांद्यावर पट्ट्याखाली हात सहज सरकेल एवढी जागा ठेवली, बक्कल नाभीखाली आणलं, आणि वर सरकणं थांबवायला मांड्यांमधून जाणारा पट्टा लावला. उरलेलं टोक लगेच कापलं नाही. आधी वेटसूट घालून तलावात उतरलो, पट्टे पुन्हा सारखे केले, मगच कात्री चालवली आणि उसवू नये म्हणून कड लायटरने वितळवली.

स्टीलची प्लेट साधारण अडीच-तीन किलोची असते, पाण्याखाली जाण्यासाठी कमरेला बांधतात त्यातलं तेवढं शिसं उतरतं. पण एकूण वजन पाण्यात तपासूनच ठरवायचं, नाहीतर ते जास्त होतं. विमानप्रवासासाठी मी ॲल्युमिनियमची हलकी प्लेट घेतली. विंग एका सिलिंडरपुरती, साधारण तेरा किलो उचलणारी, मला पुरते. मोठी घेतली तर नुसती फडफडते.

तुम्ही उंच आणि सडपातळ असाल, तर तक्त्यावरचं माप बघून बीसीडी मागवू नका. दुकानात वेटसूट घालून, सिलिंडर लावून, हवा पूर्ण भरून दीर्घ श्वास घ्या आणि कमरपट्टा कुठे बसतो ते बघा. एवढं करू न देणाऱ्या दुकानातून काही घेऊ नका.