एका समासाचा विग्रह

एम.ए.च्या वर्गात समीक्षेतील संज्ञांवर टिपा सांगणे चालू असते. 'निगेटिव्ह केपॅबिलिटी' या संज्ञेपाशी आल्यावर अध्यापक फळ्यावर 'नकारात्मक क्षमता' असा प्रतिशब्द लिहितात, त्यापुढे जॉन कीट्सचे नाव लिहितात आणि पुढील संज्ञेकडे वळू लागतात. तेवढ्यात मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी विचारते, "सर, क्षमता नकारात्मक कशी असेल? या समासाचा विग्रह कसा करायचा?" व्याकरणाच्या तासाला शोभणारा प्रश्न समीक्षेच्या तासाला आला, एवढ्या कारणावरून तो बाजूला सारता येत नाही. अध्यापकांच्या हातातील खडू तसाच राहतो.

वस्तुतः या संज्ञेचा जन्म कोणत्याही शास्त्रग्रंथात झालेला नाही. डिसेंबर १८१७ मध्ये कीट्सने जॉर्ज आणि टॉम या आपल्या भावांना लिहिलेल्या एका पत्रात ती येते. त्याच्या उपलब्ध लेखनात ती पुन्हा आढळत नाही. कीट्स त्या वेळी बावीस वर्षांचा होता. नाताळातील पँटोमाइमचा खेळ पाहून मित्रांसह परतताना डिल्क या मित्राशी त्याचे बोलणे चालले होते आणि त्या बोलण्यात काही गोष्टी त्याच्या मनात एकमेकींशी जुळून आल्या. मूळ पत्र आज उपलब्ध नाही. जॉर्जच्या निधनानंतर त्याच्या पत्नीशी विवाह करणाऱ्या जॉन जेफ्रीने केलेली नक्कल तेवढी उरली आहे. १८४८ मध्ये रिचर्ड मंक्टन मिल्न्स यांनी कीट्सचे चरित्र व पत्रे प्रसिद्ध केली, तेव्हा हा खासगी उद्गार वाचकांसमोर आला.

कीट्सचे म्हणणे थोडक्यात असे : अनिश्चितता, गूढ आणि संशय यांच्यामध्ये राहता येणे आणि तसे राहत असताना वस्तुस्थिती व कारणे यांच्याकडे अधीरतेने हात न टाकणे, हा थोर साहित्यिकाचा गुण होय. शेक्सपिअरच्या ठायी तो विपुल होता. याउलट, अर्ध्या ज्ञानावर समाधान मानता येत नसल्यामुळे कोलरिज गूढाच्या गाभ्यातून हाती आलेले एखादे सुंदर सत्यदर्शन निसटू देईल, असे कीट्सला वाटते. या अधीरतेसाठी त्याने योजलेले 'इरिटेबल' हे विशेषण 'चिडखोर' या आजच्या अर्थाने वाचल्यास मोठी गफलत होते. कीट्सने १८१५-१६ मध्ये लंडनच्या गायज् रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण घेतले होते. त्या काळच्या शरीरशास्त्रात 'इरिटेबिलिटी' म्हणजे डिवचताच आकुंचन पावण्याचा स्नायूचा धर्म. हा संदर्भ ध्यानात घेतला म्हणजे शंका येताच उत्तराकडे आपोआप झेपावणारे मन डोळ्यांसमोर येते.

आता विग्रहाकडे वळता येईल. 'नकारात्मक अशी क्षमता' असा कर्मधारय मानला तर नकार क्षमतेलाच चिकटतो. आजच्या मराठीत 'नकारात्मक' या शब्दाला निराशेची छटा आल्यामुळे गुणाचा दोष होऊन बसतो. 'नकाराची क्षमता' असा षष्ठी तत्पुरुष मानला तर नाकारण्याचे बळ, जवळजवळ बंडखोरी, असा अर्थ निघतो. तोही कीट्सला अभिप्रेत नाही. 'अभावात्मक' म्हटल्याने दोष टळतो, परंतु त्यात राहून दाखवण्याची क्रिया उरत नाही. हा समास मध्यमपदलोपी मानणेच युक्त ठरते. 'निष्कर्षाची घाई न करता राहण्याची क्षमता' असा त्याचा विग्रह होईल. ज्याचा निषेध करावयाचा, ती घाईच समासातून लोप पावली आहे आणि त्यामुळे तिच्याजवळच्या शब्दावर निषेधाचा भार पडला आहे. मराठीत 'दम धरणे', 'कळ काढणे' असे वाक्प्रचार आहेत. ते परिभाषेत बसणार नाहीत. परंतु संज्ञेचा आशय त्यांच्या अधिक जवळचा आहे.

संज्ञेचा पुढील प्रवास पाहता तिचा वापर साहित्यापुरता राहिला नाही. जॉन ड्यूई यांनी 'आर्ट ॲज एक्स्पिरियन्स' (१९३४) मध्ये या पत्राचा विचार केला. मथुरेत जन्मलेले मनोविश्लेषक विल्फ्रेड बिऑन यांनी 'अटेन्शन अँड इंटरप्रिटेशन' (१९७०) मध्ये ती विश्लेषकाच्या वृत्तीसाठी स्वीकारली. समीक्षेत मात्र तिची प्रशस्तिपत्रासारखी खैरात होऊ लागली. अमुक कवीपाशी ती आहे, तमुकापाशी नाही, असा निवाडा दिला की लेख संपतो. निवाडा लांबवण्याचा गुण सांगणारी संज्ञाच निवाड्याचे साधन बनते. 'हे तर आपल्याकडे पूर्वीच सांगितलेले आहे' असे म्हणून एखादी संस्कृत संज्ञा तिच्यासमोर ठेवण्यातही हीच घाई संभवते. तुलना अवश्य व्हावी. मात्र दोन्ही संज्ञांचे विग्रह झाल्यानंतर.

ज्या टॉमला हे पत्र लिहिले, तो त्या वेळी क्षयाने आजारी होता. पुढे कीट्सने त्याची शुश्रूषा केली आणि १ डिसेंबर १८१८ रोजी टॉम मरण पावला. या दुःखाचा आणि त्या संज्ञेचा थेट कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह वाचकाला होतो. तो आवरणे, हाही या संज्ञेचाच एक पाठ म्हणावा लागेल. एवढे मात्र खरे, की अनिश्चिततेत राहणे हा त्या घरापुरता केवळ वाङ्मयीन विषय नव्हता.

वर्गात तास संपल्याची घंटा होते. अध्यापक फळ्यावरील 'नकारात्मक' हा शब्द पुसतात आणि ती जागा रिकामीच ठेवतात. "उत्तर उद्या पाहू. आज माझ्यापाशी ते नाही," असे ते म्हणतात. पुढच्या बाकावरून काळजीचा स्वर येतो, "पण सर, परीक्षेत काय लिहायचे?" "आधी विग्रह लिहा," सर म्हणतात, "आणि तो जमला नाही, तर कोठे अडले ते लिहा." टीप चार गुणांची असते. अशा उत्तराला परीक्षक किती गुण देतील, हे त्यांनाही सांगता येत नाही.